लंगडा माग

सुरातलं मला काही कळत नाही, आधीच सांगतो.
मी जॉबर. माग बिघडला की पान्हा घेऊन जायचं,
धोटा कुठं अडतो ते बघायचं, आवळायचं, तेल सोडायचं,
आणि कान लावायचा.
कान लावल्याबिगर माग दुरुस्त होत नाही,
हे मी पद्मिनी दुडमला ती नऊ वर्षांची असताना सांगितलं.
ती अजून माझं नाव घेऊन ते सांगत फिरते,
पुण्यात, भोपाळला, कुठं कुठं.

तिचा बाप राजमल्लू आमच्या शेडमध्ये चार माग चालवायचा.
आई दारात सूप घेऊन विड्या वळायची,
हजारातल्या दीडशे छाट निघायच्या, त्यांचे पैसे नाहीत.
पोरगी सुपाच्या काठावर बोटांनी काहीतरी मोजत बसायची.
मला वाटायचं विड्याच मोजते.

भजनी मंडळाची एक पेटी होती, भाता फुटलेला.
तिच्यावर ती मिलचा भोंगा शोधायची.
"काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे हाय, सायबण्णामामा,
पेटीत तो सूरच नाही की."
मी म्हटलं, पेटीत नसंना का, मिलमधी हाय न्हवं?
पुढं मिलही राहिली नाही.

विजापूरला एका म्हाताऱ्या सारंगीवाल्याकडं सहा वर्षं गेली,
पहाटेची पॅसेंजर, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी.
मग नगरपालिकेच्या शाळेत गाण्याच्या बाई झाली.
पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन.
रात्री लिहायची. कागदावर नाही,
बापानं ठेवलेल्या जेकार्डच्या जुन्या पत्त्यांवर.
भोक तिथं सूर,
भोक नाही तिथं गप्प बसायचं.
वाजवणारे आधी चिडले, मग शिकले.
पुण्यात कोणीतरी उठून विचारलं, राग कुठला?
ही म्हणाली, रात्रपाळी.

शेड बंद होणार त्या वर्षी ती आली.
माझ्यासमोर मातीत उकिडवी बसली आणि म्हणाली,
"मामा, एक माग लंगडा करून द्या.
अकराव्या फटक्याला अर्धा श्वास उशीर."
चाळीस वर्षं मी लंगडणारे माग सरळ केले.
त्या रात्री अकरा दात्यांच्या चाकाचा
एक दाता कानशीनं घासला.
थोडा. ऐकला. आणखी थोडा.
हात थरथरत होता, चोरी केल्यासारखा.

मे महिना. पत्रा तापलेला. मालक गुंडेटी
मंगल कार्यालयातून खुर्च्या घेऊन आला,
कामगार मात्र नेहमीसारखे गाठोड्यांवर बसले.
दोन सारंग्या, एक बाई गाणारी, आणि मधे माग.
दहा फटके सरळ, अकरावा
पाय घसरल्यावर माणूस सावरतो तसा.
राजमल्लू खाली बघत होता.
त्याच्या गुडघ्यालाच ते सगळ्यात आधी कळलं असणार.

आणि लाईट गेली.

माग थांबला. सारंग्या चालू.
आमची माणसं उठली, एकाच वेळी,
आणि चहाला बाहेर गेली.
लाईट गेली की चहा, ही इतक्या वर्षांची सवय.
गाणारी बाई रडकुंडीला आली.
पद्मिनी एवढी हसली, एवढी हसली,
मग पदरानं घाम पुसून पत्त्यावर काहीतरी टोचलं.

आता म्हणे ते मोठ्या हॉलमध्ये वाजवतात.
माग नाही, दुसरं काहीतरी वापरतात.
पण मधे एक जागा आहे,
तिथं सगळे वाद्यं खाली ठेवतात,
आणि वहीत तिथं नुसतं लिहिलंय: चहा.
लोक बसून राहतात, कुणी खोकतं.
मला एकदा तिकीट पाठवलं होतं. गेलो नाही.
एवढ्या लांब, आणि कळणार काय?

माग किलोच्या भावानं गेले. तिलाही एक नेता आला नाही,
भाड्याच्या खोलीत ठेवणार कुठं?
ते घासलेलं चाक माझ्याकडं आहे,
देव्हाऱ्याखाली, तेल लावून.

परवापासून घरचा पंखा लंगडतोय.
सून म्हणाली, मामा, पान्हा आणू का?
म्हटलं, थांब जरा.
मोजू दे.